हौदा कशाने सडतो?

पिकअपच्या हौद्यात वेल्डिंगने ठोकलेला चेकर पत्रा सात-आठ वर्षांनी गॅसने कापून उचलला की खाली काय निघते, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. आधी वास येतो, ओल्या मातीचा आणि सडक्या कांद्याचा. मग दिसतो काळपट लगदा : कांद्याची टरफले, सुतळीचे तुकडे, सिमेंटची खडी झालेली पूड, टोमॅटोच्या बिया. तो पत्रीने खरवडला की कंपनीच्या मूळ तळाचे पापुद्रे हातात येतात. जिथे पत्रा उरलेला असतो तिथे हातोडीचा आवाज बद्द येतो, आणि बाकी ठिकाणी खालचे पाटे, ॲक्सल आणि जमीन सरळ दिसते. वरचा चेकर पत्रा मात्र जवळपास धडधाकट असतो. ज्याच्या रक्षणासाठी तो टाकला, ते त्याच्याखालीच संपलेले असते.

नाशिक रोडच्या परिसरात बॉडीचे काम करणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. तरीही नवी गाडी घरी आली, पूजा झाली, हार घातला की पहिल्या आठवड्यात मालकाचा पहिला प्रश्न असतो, "तळाला जाड पत्रा कधी मारायचा?" प्रश्न योग्य आहे. मालवाहू गाडीत इंजिन आणि टायरखालोखाल झिजणारी वस्तू म्हणजे हौद्याचा तळ, आणि तो बदलायचा म्हटले की गाडी आठवडाभर उभी राहते. पण उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारल्यासारखे हे आहे. तळाला नेमके कशापासून वाचवायचे, ते आधी पाहायला हवे.

या भागात पिकअप म्हणजे घरातला कर्ता माणूस. महाराष्ट्रात छोट्या मालवाहू गाडीला 'टेम्पो' म्हणतात, ते फिरोदियांच्या बजाज टेम्पोमुळे. 1958 पासून तीनचाकी हॅन्सीट रस्त्यावर येऊ लागली आणि कंपनीचे नाव गाडीच्या जातीला चिकटले. 2005 मध्ये गिरीश वाघ यांच्या चमूने घडवलेली टाटा एस आली आणि लोकांनी तिला 'छोटा हाथी' केले. नाशिकला तर बोलेरो घरचीच, सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडणारी. तिच्या पिकअप भावंडांनी जिल्ह्यातली शेती उचलून धरली आहे. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, दिंडोरी-निफाडची द्राक्षे, नाशिकच्या आजूबाजूची मेथी-कोथिंबीर, अंबड-सातपूर आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींचे सुटे भाग, दारणाकाठच्या विटा. 7 ऑगस्ट 2020 रोजी देशातली पहिली किसान रेल देवळाली स्थानकातून दानापूरला निघाली, तेव्हा त्या गाडीपर्यंत माल पोचवायलाही चारचाकी टेम्पोच लागले. रेल्वे असो, मार्केट असो, शेताचा बांध असो, शेवटचे काही किलोमीटर माल याच हौद्यातून जातो.

आणि प्रत्येक माल तळाला वेगळ्या तऱ्हेने खातो.

टोमॅटोच्या वीस किलोच्या जाळ्या हमाल उचलून ठेवत नाहीत, ओढतात. घाई असते, एका गाडीमागे दुसरी उभी असते. म्हणून झीज आधी मागच्या फाळक्याच्या तोंडाशी दिसते, जिथून प्रत्येक जाळी आत जाते आणि बाहेर येते. तिथला रंग पहिल्याच हंगामात उडतो आणि हातभर रुंदीचा चकचकीत पट्टा उघडा पडतो. त्यावर फुटलेल्या टोमॅटोचा आंबट रस. मोकळा कांदा ओढाओढ कमी करतो, पण माती आणि टरफले ठेवून जातो, आणि ती ओल धरतात. पालेभाजीचे दुखणे आणखी वेगळे. मुंबईला रात्रभर जायचे म्हणून जुड्यांवर पाणी मारलेले असते. कसारा घाट उतरेपर्यंत ते तळावर ठिबकत राहते. पावसाळ्यात त्यात इगतपुरीची भर पडते, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि ताडपत्रीच्या प्रत्येक दुमडीतून आत वाट काढतो.

खतांची गाडी सर्वांत वाईट. फाटक्या गोणीतून सांडलेले पोटॅश म्हणजे क्लोराइडचे मीठ, समुद्राच्या मिठाचा सख्खा भाऊ. अमोनियम सल्फेट आणि युरिया हवेतली ओल ओढून घेतात. द्राक्षबागायतदाराला हे वेगळे सांगायला नको, कारण बोर्डो मिश्रण तयार झाले की नाही हे तो लोखंडाचा खिळा किंवा सुरीचे पाते बुडवूनच पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण अजून आम्ल आहे, चुना कमी पडला. तो थर चढतो तेव्हा मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते आणि तेवढेच लोखंड विरघळून निघून जाते. मोरचुदाची पिशवी हौद्यात फुटली आणि तशीच राहिली, तर तीच परीक्षा तळाच्या पत्र्यावर चालू राहते, फक्त तिथे पाते बाहेर काढणारा कोणी नसतो.

कारखान्यांच्या मालात मार जास्त आणि रसायन कमी. ओतकामाच्या धारदार कडा आणि लेथवरची बर कोणताही रंग, कोणताही रबराचा थर फाडते. विटा आणि वाळू घासतात. कचऱ्याच्या गाड्यांचे हाल तर शहर रोज पाहते. घंटागाडी नाशिककरांच्या अंगवळणी पडली आहे, पण ओल्या कचऱ्यातून गळणारे आंबट, खारट पाणी पाथर्डीच्या खत प्रकल्पापर्यंत पोचेपर्यंत त्या गाडीच्या तळाचे काय करते, ते गाडीखाली वाकून पाहिल्यावरच कळते.

एवढे सगळे शत्रू असले तरी तळ मरतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. मार बसला तर पत्र्याला पोचा येतो, रंग उडतो. गाडी चालत राहते. पण उडालेल्या रंगाखालच्या लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज सुरू होतो, आणि पाण्यात क्षार किंवा आम्ल असले की तो धावत सुटतो. उघड्यावरचा पत्रा पावसानंतर वाळतो, गंजाला मध्ये मध्ये विश्रांती मिळते. झाकलेला पत्रा वाळतच नाही. दोन पत्र्यांच्या फटीत, रबरी मॅटखाली, चिखलाच्या थराखाली ओल महिनोन् महिने टिकते, आणि तिथे गंजाचे काम दिवसरात्र चालते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, म्हणून जुन्या गाड्यांत वेल्डच्या दोन टाक्यांमधला चेकर पत्रा वर फुगलेला दिसतो. मालक म्हणतो, मालाने पत्रा वाकला. पत्रा खालून ढकलला गेलेला असतो.

कंपनी तळाला ज्या उभ्या नाळी देते, त्या शोभेच्या नसतात. पातळ पत्र्याला दुमडून ताठपणा आणायचा, हा एक हेतू. दुसरा हेतू असा की जाळी किंवा खोके उंचवट्यांवर बसते आणि खालच्या नाळीतून पाणी मागे वाहून जाते, वारा फिरतो. त्या नाळींवर सपाट पत्रा कडेपर्यंत जोडून टाकला की प्रत्येक नाळ ही दोन्ही टोकांना बुजलेली नळी होते. वरून पाणी वेल्डच्या फटींतून आत शिरते, बाहेर पडायला वाट नसते. त्यात वेल्डिंगच्या आचेने मूळ पत्र्याचा रंग आणि प्रायमर खालच्या बाजूनेही जळलेला असतो, जिथे नंतर ब्रश पोचत नाही. म्हणजे ज्या दिवशी तळ मजबूत केला, त्याच दिवशी त्याला शंभर ठिकाणी उघडे पाडले.

वजनाचा हिशेब कोणी करत नाही, तो येथे करून पाहू. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद तळ म्हणजे सुमारे 4.6 चौरस मीटर. तीन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. सगळा मिळून 108 किलो, वरच्या नक्षीचे वजन वेगळे. ज्या पिकअपची क्षमता 1,300 किलो आहे, तिच्यात वीस किलोच्या 65 जाळ्या बसतात असे धरले, तर पाच जाळ्यांची जागा पत्र्याने कायमची अडवली. दर फेरीला पाच जाळ्या कमी, किंवा दर फेरीला पाच जाळ्यांचे जादा वजन. जादा वजनाला मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000. शिवाय रिकामी परतणारी गाडीही तेच 108 किलो ओढत डिझेल जाळते. दोन मिलिमीटरचा पत्रा घेतला तर 72 किलोवर भागते. बारा मिलिमीटरचा चांगला प्लाय 35 ते 40 किलोत बसतो, सहा मिलिमीटरची रबरी मॅटही जवळपास तेवढीच, आणि तीन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा चेकर पत्रा 37 किलो.

म्हणजे चेकर पत्रा वाईट का? विटा, ओतीव भाग, भंगार वाहणाऱ्याला तो लागतोच. फक्त तो नव्या, धडधाकट तळावर घालावा, गंजलेल्यावर मलमपट्टी म्हणून नव्हे; आणि वेल्डने शिवून टाकण्याऐवजी नटबोल्टने बसवावा, म्हणजे वर्षातून एकदा उचलता येतो. भोके पाडली तर त्यांच्या कडांना प्रायमर हवा. ज्या नाळी मागे उघडतात, त्यांची तोंडे मोकळी ठेवावीत. बॉडीवाला कुरकुर करतो, कारण वेल्डिंगला अर्धा दिवस आणि बोल्टला दीड दिवस लागतो. त्या एका दिवसाची मजुरी देण्यासारखी आहे.

लाकूड हा जुना आणि अजूनही कमी लेखलेला उपाय. बैलगाडीत शेणखत भरायचे तर आतून तट्ट्या लावत, धान्य भरायचे तर बारदान अंथरत. साट्याला खताचा संसर्ग नको आणि धान्य फटीतून गळायला नको. जुन्या ट्रकांचे तळ फळ्यांचेच असत. अमेरिकेत फोर्डने 1925 मध्ये कारखान्यातूनच हौदा बसवलेली मॉडेल टी पिकअप विकायला काढली, आणि पुढची काही दशके तिथल्या कित्येक पिकअपचे तळ लाकडी फळ्यांचे आणि मध्ये लोखंडी पट्ट्यांचे असत. पट्टी यासाठी की खोके तिच्यावरून सरकावे, लाकडावरून नाही. फळी झिजली तर एक फळी बदलायची, तळ नाही. पिकअपमध्ये आज ती सोय मरीन प्लायने मिळते : दोन तुकड्यांत कापलेला, कडांना दोन हात रंग दिलेला, नाळींवर आडवा बसवलेला. खालून वारा खेळतो, मार लाकूड झेलते, सडले तर नवीन टाकता येते. फाळक्याच्या तोंडाशी तेवढी एक पातळ लोखंडी पट्टी मारली की ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांचाही बंदोबस्त होतो. साधा प्लाय मात्र एका पावसाळ्यात पुस्तकासारखा उघडतो. तिथे काटकसर करू नये.

रबरी मॅट जाळ्या आणि खोक्यांसाठी उत्तम. माल घसरत नाही, आवाज कमी होतो, पोचे पडत नाहीत. तिचा दोष एकच, पण मोठा : तिच्याखाली काय चालले आहे ते दिसत नाही. खालच्या बाजूला उंचवटे असलेली मॅट घ्यावी आणि चिकटवू नये. चिकटवलेली मॅट आणि वेल्ड केलेला पत्रा यांत फरक फक्त किमतीचा. जुने फ्लेक्स अंथरण्याची पद्धत शहरात रुळली आहे. टोमॅटोचा रस तळापर्यंत जाऊ नये एवढ्यापुरते ते ठीक, पण तेही रोज उचलून झटकले तरच. खताच्या गाडीत तर ते जरूर अंथरावे आणि फेरी संपताच बाहेर काढावे.

परदेशात या प्रश्नावर एक सबंध धंदा उभा राहिला. आधी हौद्याच्या आकाराची घडवलेली प्लॅस्टिकची टोपलीच आत बसवत. ती मार चांगला झेलते, पण गाडीच्या थरथरीने खालचा रंग घासून काढते आणि पाणी अडवते. प्लॅस्टिक शाबूत आणि पत्रा चाळणी, असा अनुभव तिकडच्या मालकांनाही आला. त्यातून फवारणीचे अस्तर आले. ऱ्हायनो लायनिंग्ज 1988 मध्ये, लाइन-एक्स 1993 मध्ये सुरू झाली. पॉलियुरिथेन किंवा पॉलियुरियाचे दोन घटक पिचकारीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांत घट्ट होतात. फट उरत नाही, त्यामुळे पाण्याला जागाच राहत नाही. तत्त्व म्हणून हा उपाय सगळ्यांत बरोबर आहे. पण त्याचे सगळे यश आधीच्या तयारीत असते : तेल, गंज, ओल यांचा कणही न राहता पत्रा घासून खरखरीत करायचा. ते न करता फवारले तर अस्तराचा फुगा होतो आणि फुग्याखाली पुन्हा तेच. धारदार मालाने एकदा चिरले की चीर लगेच भरावी लागते.

धातूच बदलण्याचे प्रयत्नही झाले. फोर्डने 2015 च्या एफ-150 ला ॲल्युमिनियमची बॉडी दिली. पुढच्याच वर्षी शेवरोलेने जाहिरातीत दगडी ठोकळे दोन्ही गाड्यांच्या हौद्यांत ओतून फोर्डचा तळ फाटलेला दाखवला. टोयोटाने टकोमाच्या 2005 च्या पिढीपासून तंतुमिश्रित प्लॅस्टिकचा हौदा दिला, जो गंजणारच नाही. आपल्याकडच्या किमतींत हे बसायला वेळ लागेल. ॲल्युमिनियमचा चेकर पत्रा तेवढा मिळतो, पण तो पोलादाच्या थेट अंगावर ठेवला आणि मध्ये खारट ओल आली, तर ॲल्युमिनियम झिजू लागते; मध्ये रबराचा किंवा रंगाचा थर हवाच.

आतापर्यंतचे बोलणे मालापासून तळाला वाचवण्याचे. द्राक्ष बागायतदार उलटा प्रश्न विचारतो : तळापासून माल कसा वाचवायचा? खड्ड्यातून गाडी आदळते तेव्हा तळाशी चिकटून असलेल्या क्रेटला सगळ्यात जास्त धक्का बसतो, आणि मणी देठापासून सुटतात. टोमॅटोच्या खालच्या थराचेही तेच. खाली भाताचा पेंढा किंवा जाड गोणपाट घालण्याची जुनी रीत याच अनुभवातून आली. रबरी मॅट इथे दुहेरी काम करते. पत्र्याचा तळ उन्हात भाजतो, त्याचाही ताप मॅट आणि प्लाय मध्येच अडवतात. खालच्या थराचा माल चांगला उतरला, तर मॅटची किंमत काही फेऱ्यांतच वसूल होते, आणि तळ वाचला तो वेगळाच.

आरटीओचा संबंध येथे दोन ठिकाणी येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा मूलभूत बदल गाडीत करता येत नाही. फाळके उंच करणे, हौदा लांबवणे अशा बदलात मोडते, मॅट किंवा प्लाय नाही. दुसरे, पासिंग. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. पेठ रोडला पासिंगला जायच्या आदल्या दिवशी हौद्याला रंग मारायची रीत सगळीकडे आहे. गंजावर मारलेला तो रंग तीन महिन्यांत पोपड्यांनी निघतो. तोच दिवस, तोच रंग, फक्त आधी तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइड आणि पूर्ण वाळू देणे, एवढे केले तर पुढच्या पासिंगपर्यंत निभावते.

निवाडा द्यायचा झाला तर असा. भाजीपाला, टोमॅटो, द्राक्ष वाहणाऱ्याने उचलता येणारी मॅट घ्यावी, नाहीतर मरीन प्लाय. पत्र्याच्या मागे लागू नये. विटा-लोखंड वाहणाऱ्याने बोल्टवरचा चेकर पत्रा घ्यावा. खत वाहणाऱ्याने काहीही घ्यावे, पण हौदा त्याच दिवशी धुवावा. आणि नव्या गाडीवर पैसे खर्च करायचे असतील, तर तळाच्या खालच्या बाजूला, आडव्या चॅनेलच्या सांध्यांत रंग आणि अंडरकोटिंग करून घेण्यावर ते आधी खर्च करावेत. तिकडे कोणी पाहत नाही, आणि गंज बहुधा तिथूनच वर येतो.

बाकी कामाला पैसे लागत नाहीत. आज माल उतरला की तिन्ही फाळके पाडावेत आणि मॅट उचलून बाजूला टाकावी. कोपऱ्यातली पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत. अर्ध्या गाड्यांत ती मातीने बुजलेली सापडतील. पाण्याचा एक जोरदार झोत नाळींतून मागे सोडावा. मग गाडीचे तोंड चढाकडे आणि शेपूट उताराकडे करून ती उभी करावी, आणि सकाळचे ऊन तळाला लागल्याशिवाय मॅट परत टाकू नये.